मोटर सगळ्यात शेवटी

घाटंजीत सागवानी दार करून घ्यायचं तर लाकूड तालुक्यातलंच मिळतं, सुतार गल्लीत सापडतो आणि पॉलिशवाला पुढच्या चौकात. गावातल्या एका दुकानाच्या दारांवरचा मोर मात्र यवतमाळहून कोरून आणावा लागतो. पल्ला छोट्या हत्तीत टाकायचा, चाळीसेक किलोमीटर न्यायचा, सीएनसीवाल्याच्या रांगेत ठेवायचा आणि त्याचा फोन येईपर्यंत गिऱ्हाइकाला चहा पाजत राहायचं. "लाकूड आमचं, घाम आमचा, अन् मोराचे पैसे यवतमाळले," दुकानाचा तरुण मालक म्हणाला. सुतारकी घरची, फिटरचा ट्रेड आयटीआयचा. नाव छापू नका म्हणाला, कारण शेडचं मीटर अजून घरगुतीच आहे.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'घरी घडवलेली यंत्रं' असा विषय दिला, आणि मला या शेडची आठवण झाली. वाघाडी नदीकाठचं हे गाव. भोवती सागाचं रान, तालुक्याचा एक भाग थेट टिपेश्वर अभयारण्यात. उरलेल्या जमिनीत कापूस. दिवाळी झाली की जिनिंगची धडधड सुरू होते आणि गावातले सगळे चांगले इलेक्ट्रिशियन तिकडे पळतात. दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये आठ बाय चार फुटांचा एक लोखंडी सांगाडा उभा आहे, त्यानं स्वतः घडवायला घेतलेल्या सीएनसी राउटरचा, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणाऱ्या यंत्राचा. जाड बॉक्स पाइपचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरनं जोडलेला. त्यावर दोन्ही बाजूंनी लीनियर गाईड बसवलेत, ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेत. पुलासारखी आडवी गँट्री हातानं ढकलली की सरकते. बाकी बहुतेक सगळं जागेवर आहे. चार मोटरींच्या चारही जागा मात्र रिकाम्या.

त्याच्या मोबाइलमध्ये नागपूर, पुणे, अहमदाबादच्या विक्रेत्यांची कोटेशनं साठली आहेत. कुणी ४०० वॅट म्हणतो, कुणी ७५०, एकानं तर एक किलोवॅटचा संच लिहून पाठवलाय. "जो तो म्हणते मोठी घ्या. कायले घ्या, ते कोणी सांगत नाही," तो म्हणाला. मला वाटतं, या लेखाला तेवढा प्रश्न पुरेसा आहे.

गाठीपाशी सरकलेला मोर

शेडच्या कोपऱ्यात त्याचं पहिलं यंत्र पडून आहे, दोन बाय तीन फुटांचं. त्यावर स्टेपर मोटरी आहेत. देव्हाऱ्याच्या जाळ्या, नावाच्या पाट्या, एमडीएफवरची वेलबुट्टी हे सगळं त्यानं त्यावर केलं. एमडीएफवर ते कधी चुकलं नाही. सागानं त्याला रडवलं.

साग दिसायला मऊ, पण त्याच्या लाकडात सिलिका असते. ती बिटाची, म्हणजे कोरणाऱ्या पात्याची, धार खाते, आणि बोथट बिट लाकूड कापायचं सोडून दाबायला लागतं. त्यात गाठ आली की क्षणभर बिट अडतं. अडलेल्या क्षणी मोटरीला जितकं वळायचं होतं तितकं वळता येत नाही, आणि हुकूम देणाऱ्या कंट्रोलरला याचा पत्ताच नसतो. "मोराची मान झाली बरोबर, अन् पिसारा दीड इंच बाजूले. पाह्यलं तवा सारा पल्ला गेला होता राजेहो."

स्टेपर म्हणजे डोळ्यांना झापड लावलेला घाण्याचा बैल. एका फेरीचे २०० टप्पे, प्रत्येक हुकमाला एक टप्पा, आणि टप्पा खरंच पडला का हे विचारायला कुणी नाही. म्हणून ती स्वस्त असते आणि बहुतेक वेळा पुरतेही. पण तिचा एक स्वभाव कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. उभी असताना ती जितक्या जोरानं धरून ठेवते, तितका जोर ती पळताना देत नाही. पाकिटावर जो दोन-तीन न्यूटन-मीटरचा आकडा असतो, तो उभं राहण्याचा. मिनिटाला पाच-सहाशे फेऱ्यांवर गेलं की त्यातला बराचसा गळून पडतो. किती गळतो, हे पुरवठ्याच्या व्होल्टेजवर ठरतं. या पहिल्या यंत्राला २४ व्होल्टचा सप्लाय होता. त्याच मोटरींना ४८ व्होल्ट दिले असते तर कदाचित तो मोर वाचला असता. बरीचशी घरगुती यंत्रं मोटरीपेक्षा सप्लायमुळे बदनाम होतात, असं माझं मत झालंय.

सर्व्हो म्हणजे काय, हे समजावायला त्याला लांब जावं लागलं नाही. शेडच्या भिंतीशी जिनिंगमधून जुना घेतलेला सर्व्हो स्टॅबिलायझर उभा आहे. त्याचं झाकण त्यानं काढून दाखवलं. आत तांब्याच्या तारेचं गोल वेटोळं, त्यावर टेकलेला कार्बनचा ब्रश आणि तो ब्रश फिरवणारी लहानशी मोटर. बाहेर जाणारं व्होल्टेज मोजलं जातं. हवं त्यापेक्षा कमी असेल तर मोटर ब्रश एका बाजूला सरकवते, जास्त असेल तर दुसऱ्या. फरक मिटला की थांबते. हुकूम, मोजणी, फरक, दुरुस्ती. राउटरची सर्व्हो हेच करते, फक्त सेकंदाला हजारो वेळा, आणि व्होल्टेजऐवजी शाफ्टचा कोन मोजून. मोजणारा एन्कोडर मोटरीच्या शेपटीला असतो. साध्या एन्कोडरवर एका फेरीचे १०,००० भाग पडतात, आणि १७ बिटांचा असेल तर १,३१,०७२.

शाफ्ट फार मागे राहिला तर सर्व्होचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरीला वीज देऊन चालवणारी पेटी, अलार्म देऊन थांबतो. या एका गोष्टीसाठी सागात काम करणाऱ्यानं सर्व्होचा विचार करावा. पल्ला वाया जाण्यापेक्षा काम थांबलेलं परवडतं. पण एन्कोडरला शाफ्टच्या पुढचं काही दिसत नाही. कपलिंग सैल असेल, नटमध्ये खेळ असेल किंवा गँट्री लवत असेल, तर मोटर आपल्या जागी अगदी बरोबर आणि बिट भलतीकडे, असं खुशाल होतं. सर्व्हो लावली म्हणजे यंत्र अचूक झालं, हा गैरसमज विक्रेते दूर करत नाहीत.

स्टेपर आणि सर्व्होच्या मध्ये एक तिसरी जात आहे. स्टेपरच्याच शेपटीला एन्कोडर लावलेली. बाजारात तिला क्लोज्ड-लूप स्टेपर किंवा हायब्रीड सर्व्हो म्हणतात. तिच्याकडे नंतर येऊ, कारण अखेरीस तिनंच या शेडमधला निम्मा वाद मिटवला.

वॅट दिसतात, जडत्व दिसत नाही

आडव्या अक्षापासून सुरुवात केली. गँट्रीवर डावी-उजवीकडे जे सरकतं ते म्हणजे झेडची (वरखाली होणाऱ्या अक्षाची) पाटी, बिट फिरवणारा स्पिंडल, क्लॅम्प, केबल, सगळं मिळून तीस किलो धरू. त्याचा वेग दर सेकंदाला सेकंदी दोन मीटरनं वाढवायचा तर ६० न्यूटन बळ लागतं. लाकूड कापायला वरच्या अंगानं १०० धरा, गाईड आणि सील यांच्या घर्षणाला ४०. झाले २००. दहा मिलिमीटर पिचच्या बॉलस्क्रूमधून एवढं बळ काढायला मोटरीला ०.३५ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. ४०० वॅटची सर्व्हो ३,००० फेऱ्यांवर सलग १.२७ न्यूटन-मीटर देते, क्षणभरासाठी त्याच्या तिप्पट. म्हणजे सगळ्यांत लहान कोटेशनसुद्धा साडेतीन पट मोठं.

मग ७५० वॅट कुठून आले? या प्रश्नाचं उत्तर स्क्रूमध्ये होतं. तो जमिनीवर गोणपाटावर पडला होता. २५ मिलिमीटर जाडीचा, दीड मीटर लांब. "बारका घेतला तं वाकीन, म्हणून जाडा घेतला," तो म्हणाला.

त्याची भीती खरी आहे. लांब स्क्रू एका ठरावीक वेगाच्या पुढे गेला की मधोमध फुगून चाबकासारखा फिरू लागतो. एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला नुसता आधार असलेला, १.४ मीटर गाळ्याचा १६ मिलिमीटरचा स्क्रू मिनिटाला हजार फेऱ्यांच्या पुढे नेऊ नये. २५ चा असेल तर सतराशेपर्यंत जाता येतं. म्हणजे ३,००० फेऱ्यांची सर्व्हो आणून तिला अर्ध्यावर दाबून ठेवायचं. वॅट म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. फेऱ्या अर्ध्या वापरल्या की वॅटही अर्धेच हाती लागतात, पैसे मात्र पूर्ण जातात.

जाड स्क्रूची दुसरी बाजू कोटेशनवाल्यांपैकी एकानंच सांगितली होती, तीही स्पष्टीकरण न देता. फिरणाऱ्या दांड्याचं जडत्व जाडीच्या चौथ्या घातानं वाढतं. २५ मिलिमीटरच्या दीड मीटर दांड्याचं जडत्व भरतं ४.५ किलो-चौरस सेंटिमीटर. स्क्रूपलीकडचे तीस किलो मोटरीला फक्त ०.७६ एवढेच जाणवतात. मोटर खरी ओढते ती झेडची पाटी, असं डोळ्यांना दिसतं. हिशेब सांगतो की तिचा बहुतेक जोर स्क्रूलाच वेग देण्यात जातो. वेग देताना त्यासाठीच अर्ध्या न्यूटन-मीटरहून जास्त टॉर्क लागतो, म्हणजे वरच्या सगळ्या कामापेक्षा जास्त.

कमी जडत्वाच्या ४०० वॅटच्या मोटरीचा स्वतःचा रोटर असतो साधारण ०.२८. समोरचं ओझं ५.३. एकास एकोणीस. एवढ्या तफावतीत मोटर हुकूम पाळते, पण थांबताना पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे. ड्राइव्हचा गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, वाढवला की शिट्टीसारखा आवाज काढून थरथरते, कमी केला की कोपरे गोल होतात. मोराच्या पिसाच्या कडेला लाटा उठतात आणि माणूस बिटाला शिव्या देतो. हे प्रमाण दहाच्या आत ठेवावं, कोरीव कामाला पाचच्या आसपास असलं तर उत्तम, असा जाणकारांचा आडाखा आहे. ७५० वॅटच्या मोटरीचा रोटर १.१३ चा. तिथे प्रमाण पाचच्याही किंचित खाली येतं. तर ७५० वॅट हे उत्तर ताकदीसाठी नव्हतंच. जड स्क्रूला जड रोटर हवा होता, आणि तो मोठ्या मोटरीसोबत येतो.

दुसरा रस्ता म्हणजे स्क्रूच बदलायचा. २० मिलिमीटरचा घेतला तर त्याचं जडत्व १.८५ वर उतरतं, तेराशे फेऱ्या सुरक्षित मिळतात, म्हणजे मिनिटाला तेरा मीटर, आणि ४०० वॅटच्या मोटरीशी प्रमाण नऊच्या थोडं वर राहतं. आडाख्यात बसतं, तेही काठावर. तिसरा रस्ता तिसऱ्या जातीच्या मोटरीचा. ८६ मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या, आठ न्यूटन-मीटरच्या स्टेपरचा रोटर ७५० वॅटच्या सर्व्होच्या दुपटीहून जड असतो, आणि तिचा जोर नेमका कमी फेऱ्यांवर असतो, जिथे हा स्क्रू राहणार आहे. तिला एन्कोडर असला की टप्पा हरवल्याचं कळतं. जाडा स्क्रू विकत घेऊन झालाच होता. आडव्या अक्षाला हीच ठरली, आणि सगळ्यांत महाग कोटेशन तिथल्या तिथे बाद झालं.

सात फुटी दार

दार सात फुटांचं, म्हणून यंत्र आठ फुटांचं. या लांबीला स्क्रू जवळजवळ निरुपयोगी आहे. २.४ मीटर गाळ्यावर २५ मिलिमीटरचा स्क्रूसुद्धा सहाशे फेऱ्या गाठत नाही. कारखान्यातून येणारे मोठे राउटर म्हणूनच लांबीला रॅक आणि पिनियनवर चालतात. यानंही तेच केलंय. दोन बाजूंना दोन रॅक, दोन मोटरी.

इथे सगळं गणित उलटं फिरतं. दीड मोड्यूलचं, वीस दात्यांचं पिनियन एका फेरीत ९४ मिलिमीटर पुढे जातं. मोटर थेट लावली तर वेग अचाट आणि जोर नगण्य. मध्ये एकास दहाचा प्लॅनेटरी गिअरबॉक्स घातला की ३,००० फेऱ्यांवर मिनिटाला २८ मीटर मिळतात आणि टॉर्क दहापट होतो. खरा फायदा जडत्वात आहे, कारण गिअरचा आकडा तिथे वर्गात काम करतो. गँट्री १२० किलोची. दोन मोटरींत वाटून, दहाच्या वर्गानं, म्हणजे शंभरानं भागून, प्रत्येकीच्या वाट्याला १.३५ किलो-चौरस सेंटिमीटर येतं. ४०० वॅटच्या मोटरीशी प्रमाण पाचच्या आत. इथे लहान सर्व्होच योग्य आहे, आणि तिच्या सगळ्या फेऱ्या कामी येतात. स्टेपरला मात्र हा गिअर सोसत नाही. दहाच्या गिअरवर ती वेगात मागे पडते आणि पाचच्या गिअरवर तिला चौपट जडत्व ओढावं लागतं.

गिअरबॉक्स घेताना लोक वॅटच बघतात. त्याचा खेळ किती आर्क-मिनिटांचा आहे, हे विचारायला हवं. दहा आर्क-मिनिटं म्हणजे या पिनियनवर ०.०४ मिलिमीटर. सागाच्या दाराला ते खपून जातं. पितळेवर अक्षरं कोरायची असतील तर खपणार नाही.

दोन मोटरी एकच गँट्री ओढतात तेव्हा एक धोका असतो. एकीच्या ड्राइव्हनं अलार्म देऊन थांबावं आणि दुसरीनं ओढतच राहावं. गँट्री तिरकी होते, गाईडच्या गाड्या अडकतात, वेल्ड तडकू शकतो. म्हणून सगळ्या ड्राइव्हच्या अलार्मच्या तारा कंट्रोलरच्या आणीबाणीच्या इनपुटला एका साखळीत जोडायच्या असतात. एक थांबली की सगळ्या थांबल्या पाहिजेत. घरगुती यंत्रांत ही तार बहुतेक वेळा 'नंतर लावू' म्हणून राहिलेली असते.

चढउतार झेडचा

तिन्ही अक्षांत झेड सगळ्यांत आखूड, म्हणून लोक त्यावर उरलेली मोटर लावतात. कोरीव कामाला हे उफराटं आहे. उठावाचं काम कसं होतं बघा. दोन फूट बाय दीड फुटाच्या पॅनलवर गणपती आहे. गोल टोकाचं बारीक बिट प्रत्येक रेघेनंतर ०.३ मिलिमीटर बाजूला सरकतं. दीड हजार रेघा, प्रत्येक साठ सेंटिमीटरची, म्हणजे नऊशे मीटरचा प्रवास. मिनिटाला पाच मीटरनं तीन तास, दहानं दीड तास. पण त्या प्रत्येक रेघेत बिटाला सोंड, पोट, हात, उंदीर हे सगळं चढून उतरायचं असतं. आडवा अक्ष कितीही पळाला तरी झेड जेवढ्या चपळाईनं वरखाली होईल तेवढाच वेग कंट्रोलर देतो. यवतमाळच्या यंत्रावर काम लवकर का होतं, याचं कारण बऱ्याचदा झेडमध्येच दडलेलं असतं.

पाच मिलिमीटर पिचचा आखूड स्क्रू चाबकासारखा फिरत नाही, त्यामुळे तिथे सर्व्होला ३,००० फेऱ्या पूर्ण वापरता येतात. मिनिटाला पंधरा मीटर, तेही क्षणात उलटं फिरून. मी त्याला म्हटलं, भाऊ, पैसे एकाच सर्व्होचे असतील तर ती झेडला लावा. तो बराच वेळ हिशेबाच्या वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे तं कोणीच नाही सांगितलं."

लाइट, माती आणि मे महिना

झेडची मोटर ब्रेकची हवी. सर्व्होची ओझं धरून ठेवण्याची ताकद विजेवर असते. वीज गेली की बॉलस्क्रू उलटा फिरू शकतो आणि स्पिंडलचं दहा-बारा किलोचं ओझं खाली सरकू लागतं. स्पिंडल मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांवरून थांबायला वेळ घेतो, तोवर ते फिरतं बिट खालच्या लाकडात शिरतं. २४ व्होल्टचा ब्रेक वीज असताना सुटलेला आणि वीज गेल्यावर आपोआप लागलेला असतो. मोठ्या शहरातला विक्रेता हा वैकल्पिक खर्च समजतो. जिथे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तिथे तो मोटरीच्या किमतीतच धरावा.

व्होल्टेज पडणं हा निराळा ताप. "संध्याकाळी मोटरपंप लागले का ट्यूबलाइट लुकलुक करते." या आकाराचे ड्राइव्ह सिंगल फेजवर चालतात आणि २०० ते २४० व्होल्टच्या खाली साधारण पंधरा टक्के सहन करतात, म्हणजे १७० च्या आसपास ते अलार्म देऊन बसतात. भिंतीशी उभा असलेला तो जुना स्टॅबिलायझर इथे उपयोगी आहे. मात्र २.२ किलोवॅटचा स्पिंडल, चार ड्राइव्ह, भुसा ओढणारा ब्लोअर असा सगळा भार धरला की घरगुती जोडणी पुरत नाही. नाव न छापण्याचं कारण त्यालाही टोचतंय. औद्योगिक जोडणीचा अर्ज भरून ठेवलाय म्हणाला.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अर्थिंग. स्पिंडलचा वेग ठरवणारा व्हीएफडी आपल्या तारांतून विजेचा गोंगाट सोडतो, तो एन्कोडरच्या बारीक तारेत शिरला की सर्व्होला नसलेली हालचाल दिसू लागते. ड्राइव्ह बिनकारण अलार्म देतो, लोक मोटर बदलून बघतात. काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला उत्तम असते. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि तोच खड्डा कोरडा होऊन बसतो. मीठ-कोळशाचा खड्डा, वर पाणी घालायला पाइप आणि उन्हाळ्यात नेमानं बादलीभर पाणी. शिवाय शील्ड केलेली केबल, आणि व्हीएफडीच्या तारा एन्कोडरच्या तारांपासून लांब. हे काम जिनिंगचे इलेक्ट्रिशियन चांगलं करतात. हंगामाआधी त्यांना गाठायला हवं.

आणि उन्हाळा. लग्नसराई आणि घरभरणी याच दिवसांत, म्हणजे दाराची, दिवाणाची, ड्रेसिंग टेबलाची मागणीही याच दिवसांत. बाहेर पारा ४४-४५, टिनाखाली त्याहून वर. मोटरींच्या कॅटलॉगात सभोवतालचं तापमान बहुधा ४० अंशांपर्यंत धरलेलं असतं, त्याच्यावर गेलं की सलग टॉर्क कमी धरायचा. वर काढलेल्या हिशेबात पट-दुप्पट मोकळी जागा ठेवली ती यासाठी. ड्राइव्ह बंद पेटीत ठेवले तर भुश्यापासून वाचतात पण उकडतात. उघडे ठेवले तर सागाचा मैद्यासारखा भुसा पंख्यात जातो. त्यानं पेटीला गाळणी लावलेला पंखा बसवायचं ठरवलंय. शेडवर पांढरा चुना मारला तरी फरक पडेल, असं मी सुचवलं. ते त्यानं हसण्यावारी नेलं.

पल्स किती निघतात

एवढं करून मोटरी आणल्या आणि यंत्र बैलगाडीच्या वेगानं चाललं, असंही होतं. दोष कंट्रोलरचा असतो. जुन्या संगणकाच्या पॅरलल पोर्टवर माक-थ्री हे सॉफ्टवेअर चालवलं तर सेकंदाला मूळ २५,००० पल्स, म्हणजे मोटरीला वळायचे हुकूम, निघतात. ग्रबल चालवणारा साधा आर्डुइनो साधारण ३०,००० देतो. सर्व्होला एका फेरीसाठी १०,००० पल्स मागायला लावलं तर २५,००० मध्ये मिनिटाला अवघ्या १५० फेऱ्या होतात. उपाय फुकट आहे. ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर नावाचं सेटिंग असतं, ते बदलून एका फेरीला १,००० पल्स केले की १,५०० फेऱ्या मिळतात, आणि दहा मिलिमीटर पिचवर एक पल्स म्हणजे शंभरांश मिलिमीटर. सागाला याहून बारीक काय हवं? गिअरबॉक्सच्या अक्षाला तीन हजार फेऱ्या हव्या असतील, तर मात्र वेगळा पल्स काढणारा बोर्ड किंवा हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर घ्यावा लागतो.

याच हिशेबानं २३ बिटांच्या एन्कोडरचे जादा पैसे इथे वाया जातात. सेल लावून जागा लक्षात ठेवणारा ॲब्सोल्यूट एन्कोडरही तसाच. पल्स आणि दिशा एवढंच बोलणाऱ्या कंट्रोलरला त्याची आठवण वाचताच येत नाही.

एमआयटी ते पाबळ

हुकमावर चालणाऱ्या यंत्रांचं हे तंत्र सुतारांसाठी जन्मलं नाही. जॉन पार्सन्स नावाचा अमेरिकन उत्पादक हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार नेमके कसे काढावेत, या विवंचनेत होता. त्यातून हवाई दलाच्या पैशानं अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेनं १९५२ मध्ये छिद्रांच्या कागदी पट्टीवरून हुकूम घेणारं मिलिंग मशीन चालवून दाखवलं. त्याचा मेंदू यंत्रापेक्षा मोठ्या कपाटात, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांचा होता.

त्याच एमआयटीतून पुढे नील गर्शनफेल्ड यांनी फॅब लॅबची, म्हणजे कुणालाही वस्तू स्वतः घडवता येईल अशा कार्यशाळेची, कल्पना काढली, आणि २००२ मध्ये ती अमेरिकेबाहेर पहिल्यांदा रुजली ती शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या आश्रमात गावातली मुलं वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी करत विज्ञान शिकत होतीच. फॅब लॅबच्या ठरलेल्या यंत्रसंचात लाकूड कापणारा मोठा राउटर असतो, आणि 'यंत्र घडवणारी यंत्रं' हा त्या चळवळीचा आवडता धडा. घाटंजीचा हा तरुण पाबळला गेलेला नाही. पण फिटरकी, वेल्डर, जिनिंगचा इलेक्ट्रिशियन आणि भंगारातला स्टॅबिलायझर यांच्या जोरावर तो तोच धडा गिरवतोय.

विदर्भात तालुक्या-तालुक्याला आयटीआय आहेत, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचे वर्ग आहेत. तिथे एखादी सर्व्हो, एक ड्राइव्ह आणि दीड मीटरचा स्क्रू टेबलावर ठेवला, तर वर दिलेला सगळा हिशेब दोन तासांत शिकवून होईल. कोटेशन वाचता न येणाऱ्याला मोठी मोटर विकणं फार सोपं आहे, आणि विकणारा खोटंही बोलत नसतो. मोठी मोटर चालतेच. फक्त तिच्याबरोबर मोठा ड्राइव्ह येतो, मोठी जोडणी येते, मोठा गिअरबॉक्स येतो, आणि ती बिघडली की मोठा खोळंबा येतो. घाटंजीत ड्राइव्ह बंद पडला तर बदली ड्राइव्ह कुरिअरनं येईपर्यंत शेड बंद. म्हणून त्यानं लांबीच्या दोन्ही मोटरी आणि झेडची मोटर एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, ४०० वॅटच्या ठरवल्या. तिन्ही ड्राइव्ह एकसारखे असल्यानं एकच जादा आणून ठेवला की पुरतो. वॅट वाढवून ही सोय मिळाली नसती.

तुमच्याही मागच्या खोलीत असा सांगाडा उभा असेल, तर आधी स्क्रू किंवा रॅक ठरवा, मग वजन मोजा, अर्थिंगचा खड्डा खणून घ्या, आणि मोटर सगळ्यात शेवटी घ्या. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: रोटरचं जडत्व किती, झेडसाठी ब्रेकवाली मिळेल का, आणि जादा ड्राइव्ह किती दिवसांत हाती येईल. पहिल्याच प्रश्नाला तो 'मोठीच घ्या ना' म्हणाला, तर दुसरा विक्रेता शोधा.